पियूष तीन आणे, महाराष्ट्र होईपर्यंत

२९ जानेवारी १९५६

दहाबारा दिवस अर्धी फळी लावून दुकान चालवलं, आज पूर्ण उघडलं. मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीकडे राहणार, हे रेडिओवर ऐकल्यापासून गिरगावात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. गोळीबारात पलीकडच्या गल्लीतला एकजण गेला. त्याची आई आमच्याकडून दही न्यायची. आज विरजण लावताना तिची आठवण झाली आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

गिऱ्हाईक भरपूर. चहा कमी, वाद जास्त. हे गल्ला सोडून वादात. शेवटी मीच स्वयंपाकघरातून येऊन गल्ल्यावर बसले.

४ फेब्रुवारी

चाळीच्या चौकात सभा. आम्ही बायका गॅलरीत. एकाने जाहीर केलं, महाराष्ट्र होईपर्यंत दाढी करणार नाही. दुसऱ्याने वहाणा सोडल्या. तात्यांनी तपकीर सोडली. (तात्या म्हणजे शेजारच्या चाळीतले रिटायर कारकून. आमचं दाराजवळचं टेबल त्यांचंच. तपकीर शिंकांपायी मागच्याच महिन्यात सुटली होती, पण सभेत ते कोण बोलणार.)

मग आमचेही पण करायला उठले. काय सोडावं सुचेना. व्यसन एक नाही. उभे राहिले खरे, घसा खाकरला, दोनदा चष्मा पुसला, आणि म्हणाले, "माझ्या दुकानातल्या पियूषचा भाव, संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत, तीन आण्यांवर एक पै वाढवणार नाही."

टाळ्या. दाढीवाल्यापेक्षा जास्त.

घरी आल्यावर विचारलं, "किती दिवस लागतील?" "तीन महिने. फार तर गणपती." ह्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मी लग्नातसुद्धा ऐकल्या नव्हत्या. म्हणून पुढे काही बोलले नाही.

७ फेब्रुवारी

पेंटर आला. चार फुटी बोर्ड, पिवळ्यावर लाल. मजकूर ह्यांना पाठ: 'पियूष तीन आणे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत भाव वाढणार नाही.' पेंटरने खडूने आखून घेतलं तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "बेळगाव राहिलं."

मास्तर. बेळगावकडे शाळेत होते, आता खोताच्या वाडीत एक खोली घेऊन राहतात, छापखान्यात प्रुफं तपासतात. दोन वर्षं दर शनिवारी (आज मंगळवार असून आले, बोर्ड बघायला असतील) एक पियूष घेतात, पैसे ठेवतात, जातात. त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

हे म्हणाले, "अरे हो, घाला की. मुंबई-बेळगाव-कारवारसह. एका शब्दाने काय होतंय." पेंटरने त्या शब्दाचे वेगळे पैसे घेतले.

१८ मार्च

भाई (माझा थोरला भाऊ, लालबागला गिरणीत) अकरा जणांना घेऊन हजर. सगळे त्याच्या खात्यातले. दारातूनच ओळख, "ह्यो माझो मेव्हणो. पण केल्यान हा तो ह्योच." अकरा जण ह्यांच्याकडे देवळात बघतात तसे बघत राहिले. बारा पियूष गेले, त्यातल्या भाईच्या ग्लासाचे पैसे ह्यांनी घेतले नाहीत.

जाताना भाई मला म्हणतो, "अगो, तीन आण्यात ह्या असला लालबागेत कोण देना नाय. फुडच्या आयतवारी दुसऱ्या पाळीवाल्यांका घेऊन येतंय."

म्हटलं, "नको आणू."

"असा कसा? पणाक हातभार नको?"

२२ सप्टेंबर

गणपती गेले. महाराष्ट्र आला नाही.

दूध पुन्हा चढलं, साखरही. आज पाटीवर मांडून बघितलं. चक्का, ताक, साखर, जायफळ, केशराच्या चार काड्या, बर्फ. फेब्रुवारीत ग्लासमागे दोन पैसे सुटायचे. आता ग्लासमागे एक पैसा पदरचा जातो. म्हणजे जितकं खपेल तितकं बुडेल. ह्यांना हे तीनदा समजावलं. हे म्हणाले, "पण खप बघ किती वाढलाय." आज ९४ ग्लास. स्वारी खूश. दीड रुपया गेला.

२ नोव्हेंबर

कालपासून मोठं द्विभाषिक राज्य. मुंबई आत, आपण आत, गुजरातही आत. मी पहाटेच पाटीवर खडूने 'पि. चार आणे' लिहून ठेवलं होतं. मुंबई आली की नाही? मग झालं.

तात्या आले, आधी पाटी वाचली, मग बोर्ड वाचला. बोर्डासमोर हात मागे बांधून उभे. "बापूराव, ह्यात गुजरातसह कुठे लिहिलंय?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पदराने पाटी पुसली.

१४ जानेवारी १९५७

ह्यांना युक्ती सुचली. भुलेश्वराहून नवे ग्लास आणले, दोन डझन. बाहेरून जुन्याएवढेच, पण बूड बोटभर जाड. भाव तोच, पियूष दोन घोट कमी. म्हणाले, "पण भावाचा केलाय, ग्लासाचा नाही." एवढी अक्कल सभेच्या दिवशी चालली असती तर.

दुपारपर्यंत चाललं. मग तात्यांनी ग्लास उजेडात धरला.

१५ जानेवारी

तात्या घरून स्वतःचं फुलपात्र घेऊन आले. म्हणाले, ह्यात घाला, पणाच्या दिवशी जो ग्लास होता त्याच्या मापाने. त्यांचं बघून आणखी चौघे. एकाने चक्क तांब्या आणला.

शेवटी जुन्यातला एक ग्लास गल्ल्यामागच्या फळीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवला आहे. ज्याला शंका येईल त्याने त्यात ओतून बघावं. नवे ग्लास आता चहाबरोबर पाणी द्यायला.

११ मार्च

निवडणुकीत आपली माणसं आली. मिरवणूक दुकानासमोर थांबली, बोर्डाला हार घातला. बोर्डाला. २११ ग्लास. चक्का संपला, शेवटचे चाळीस मी काय दिले ते देवाला ठाऊक. कुणाला कळलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२ एप्रिल

कालपासून नवे पैसे. सरकारी तक्त्यात तीन आणे म्हणजे १९ न.पै. काटेकोर मांडलं तर पावणेएकोणीस. ह्यांनी बोर्डाखाली '१९ न.पै.' असा कागद डकवला.

तात्या: "पाव नवा पैसा वाढला."

हे: "मी कुठे वाढवला? तक्ता सरकारचा आहे."

तात्या: "कोणत्या सरकारचा? मुंबई अडवून धरलीय त्याच ना?"

संध्याकाळी कागदावर १८. आमच्या पणात आता सवलतही आली.

९ एप्रिल

तात्या दारात बसून लोकांना शिकवतात. चार पि. घेतले तर आण्यांत देऊ नका, बारा आणे म्हणजे ७५ पडतील. नव्या पैशांत द्या, ७२. फुकट शिकवणी. चहा एकच घेतात, तोही अर्धा.

१८ मे

उकाडा. ह्यांची दुसरी युक्ती, बर्फ. ग्लासात आधी बर्फ भरायचा, उरलेल्या जागेत पि. फळीवरच्या ग्लासालाही हरकत नाही, माप बरोबर भरतं. तीन दिवस बरं चाललं. आज सगळे म्हणायला लागले, "बिनबर्फाचं द्या." मास्तरांनी मात्र बर्फासकट घेतलं. बर्फ विरघळेपर्यंत वाट बघत बसले आणि मग ते पाणचट सावकाश प्यायले. मला आत जाववेना. त्यांना बोलावून दुसरा ग्लास द्यावासा वाटला, दिला नाही.

६ जून

तिसरी युक्ती, जायफळ. चव दाट लागते, चक्का कमी घातलेला कळत नाही. हे स्वतः किसत बसले. अंदाज नाही, एका पातेल्याला तीन जायफळं.

तात्या साडेबाराला दुसरा ग्लास पिऊन टेबलावर डोकं टेकून झोपले ते चार वाजता उठले. उठल्यावर विचारलं, "काय ठरलं?" त्यांना वाटलं सभाच चालू आहे. उद्यापासून जायफळ माझ्याकडे.

१७ ऑगस्ट १९५८

वर्षभर लिहिलं नाही. लिहायचं काय, रोज तेच.

आज पकडलं. मी देवळात गेले की हे पातेल्यात ताक ओतायचे. किती दिवस चाललंय विचारलं तर म्हणाले, "फार नाही. श्रावणापासून." अधिक श्रावण लागून महिना झाला.

मी उठले आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. म्हटलं, आता तुम्हीच करा, तुम्हीच विका. तात्यांनी आनंदाने विचारलं, "वहिनी, सत्याग्रह का?" म्हटलं, होय.

सासूबाईंनी जाताना मला दागिने दिले नाहीत. दागिने नव्हतेच. माप दिलं. एक शेर चक्क्याला किती ताक, साखर कधी घालायची, घुसळायचं कुठे थांबवायचं. त्यांच्या मापाच्या पियूषात चमचा उभा राहायचा नाही, पण पडायलाही वेळ घ्यायचा. त्या गेल्यापासून हे एकच मी माझं म्हणून करते. लोक ह्यांनी केलेला पण पितात. माझं पियूष कुणी पीत नाही.

१९ ऑगस्ट

तिसरा दिवस. हे बाकावर शेजारी येऊन बसले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. म्हणाले, "चाळीस वर्षांचा झालो. वडिलांचं दुकान चालवलं, वडिलांनी ठरवलेल्याच दराने. एकदाच उभा राहून स्वतःचं काही बोललो. ते मागे घेऊ?"

मी उठले. आत जाऊन एक शेर चक्क्यात दुप्पट ताक घातलं. माझ्या हाताने. लाज वाटली, ती अजून जात नाही.

मीही एक ठरवलंय. भाव वाढेल त्या दिवशी सा.बा.च्या मापाचं करीन. तोवर हे पातळ मी तोंडाला लावणार नाही. ह्याला टाळ्या नाहीत.

८ फेब्रुवारी १९५९

पि.चा खड्डा चहातून भरून निघावा म्हणून चहा दोन न.पै.नी वाढवला. चहावाले बिथरले. पलीकडच्या पेढीवरचे सहा कारकून उभे राहून म्हणाले, "आमच्या चहावर ह्यांचा महाराष्ट्र का?" पि.वाले म्हणाले, तुमचा नाही का महाराष्ट्र? चहावाले म्हणाले, आहे, पण आम्हाला पियूष सोसत नाही, पोट बिघडतं.

दुकानात दोन पक्ष. मधल्या टेबलावर कुणी बसेना. हे दोन्हीकडे हात जोडत हिंडत होते.

शेवटी चहा एका न.पै.नेच वाढला. वड्यात बटाटा कमी केलाय. वड्याच्या बाजूने अजून कुणी उठलेलं नाही.

५ डिसेंबर

द्विभाषिक मोडणार म्हणतात. दिल्लीत ठरलंय. तात्या पेपर घेऊन धावत आले, वहाण दारात सुटली. हे नुसतेच हसत राहिले, मग आत येऊन घटाघटा पाणी प्यायले. दाढीवाल्याला कुणीतरी विचारलं, आता? तो म्हणाला, "सवय झालीय."

मी पाटी काढली. आजच्या दुधाने, आजच्या साखरेने, सा.बा.च्या मापाने एक ग्लास ३० न.पै.ला परवडतो. तीन वेळा मांडलं. तीस.

३० एप्रिल १९६०

चार शेर चक्का बांधून टांगलाय. दोन शेरांचा फडका फाटला म्हणून माझं जुनं लुगडं फाडलं. केशर दुप्पट आणलं. हे विचारतात, "एवढं?" म्हटलं, तुमचा पण उद्या संपतो, माझाही.

१ मे

झालं. महाराष्ट्र झाला. मुंबईसह.

सकाळी गल्लीत गुढ्या, तोरणं. भाई लालबागहून सगळं खातं घेऊन आला, आता अकराचे तीस झालेत. ह्यांनी बाकावर उभं राहून दोनदा चष्मा पुसला. आणि म्हणाले, "आज पियूष सगळ्यांना फुकट."

टाळ्या.

पण पियूष माझं होतं. सा.बा.च्या मापाचं. तात्यांनी पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मग, "वहिनी, हे वेगळं आहे."

"हेच खरं, तात्या. मधलं वेगळं होतं."

भाई म्हणाला, "ह्या आयेच्या हातासारख्या लागता." आमची आई पियूष करायची नाही, पण मला बरं वाटलं. मास्तर रविवार असून आले होते. त्यांनीही घेतलं. ग्लास रिकामा झाला तरी हातात धरून बसले होते. सगळ्यांत शेवटी मी प्यायले, उभ्यानेच, पातेल्याच्या तळाचं. रडू आलं.

४ मे

नवा भाव अजून लागला नाही. पेंटरला सवड नाही, सगळ्या मुंबईला नवे बोर्ड हवेत. शनिवारी येतो म्हणाला. तोवर जुन्याच भावाने, म्हणून जुनंच पातळ. लोक ग्लासात बघतात आणि माझ्याकडे बघतात. एका दिवसात चटक लागली. तात्या म्हणाले, "वहिनी, तीस तर तीस. पण परवाचं द्या." तात्या म्हणाले हे.

७ मे

पेंटर आला. शिडी लावली. भिजवलेला फडका घेऊन वर चढला, चार वर्षांची धूळ पुसली, लाल अक्षरं पुन्हा लख्ख झाली. मग त्याने वरूनच विचारलं, सरळ मनाने, गिऱ्हाइकाला विचारायचं तसं, "बापूराव, बेळगाव-कारवारसह लिहिलंय. ते झालं का? का तेवढं राहू दे?"

शनिवार होता. मास्तर कोपऱ्यात होते.

तात्यांनी चार वर्षं ह्या बोर्डातला शब्दन् शब्द आमच्या तोंडावर मारला, ते आज पेपरात तोंड घालून बसले. पेपर कालचा होता. हे शिडी धरून उभे. पेंटर वर फडका घेऊन.

मास्तरांनी ग्लास संपवला. पातळच होता. १८ न.पै. मोजून टेबलावर ठेवले आणि जाताना गल्ल्याशी माझ्यासमोर थांबले. म्हणाले, "वहिनी, रविवारचं फार चांगलं होतं. तसंच करत जा. बोर्डाचं एवढं काय, पुसून टाका. माझ्यासाठी अडू नका." आणि गेले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तात्या पेपरातूनच म्हणाले, "पेंटर, तू उद्या ये."

८ मे

पेंटर दोनदा येऊन गेला. शिडी आमच्याकडेच ठेवून गेलाय, येणारे-जाणारे अडखळतात.

मास्तर पुसून टाका म्हणून नुसते निघून गेले. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं, मी लगेच पुसला असता. चार वर्षं ह्या बोर्डाला मनातल्या मनात काय काय बोलले. बोर्ड राहिला तर पातळच विकत राहायचं, कधीपर्यंत ते दिल्लीलाही माहीत नसेल. सा.बा.चं माप माझ्याबरोबरच जाईल. पुसला तर येत्या शनिवारी मास्तर त्या कोपऱ्यात बसणार, समोर रिकाम्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत माझं दाट पियूष पिणार, आणि छान झालंय म्हणणार.

दुपारी गिऱ्हाईक नसताना हे स्वयंपाकघरात आले. दारातच उभे. चष्मा पुसला नाही. सभेच्या दिवशी मला विचारलं नव्हतं, बोर्डाच्या दिवशी नाही, ग्लास, बर्फ, जायफळ, कशालाच नाही. आज विचारलं, "काय करायचं, तू सांग."

म्हटलं, शनिवारी सांगते.

चक्का टांगलाय. ताक बाजूला काढून ठेवलंय. त्यात किती घालायचं ते अजून ठरलेलं नाही.